जुने-परदेशी चित्रपट घरच्या टीव्हीवर लावण्याआधी : वेग, चौकट, सबटायटल्स, आवृत्त्या

फिरतं रीळ :
'जपानी दिग्दर्शक ओझू एवढा नावाजलेला म्हणून लावला, वीस मिनिटांत डोळे मिटले.' 'मूकपटात माणसं तुरुतुरु पळतात, त्यात अभिनय काय बघायचा?' 'सबटायटल वाचू की चित्र बघू?' ही वाक्यं इथे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतात. माझं म्हणणं असं की ही नाराजी दिग्दर्शकाच्या नावावर टाकण्याआधी रिमोट हातात घ्यावा. चित्रपट कोणत्या आकारात, कोणत्या वेगाने आणि कोणत्या आवृत्तीत समोर आलाय, हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. न तपासता पाहिला तर दिग्दर्शकाने जे केलंच नाही त्यावर मत बनतं.

सगळ्यात आधी टीव्हीची 'गुळगुळीत हालचाल' बंद करा. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतात. टीव्ही त्यांच्या अधल्यामधल्या फ्रेम स्वतः कल्पून भरतो आणि सगळं रोजच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय : सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा नव्या संचांत 'पिक्चर क्लॅरिटी'. ते पूर्ण बंद करायचं, 'कमी' वर ठेवून भागत नाही. २०१९ साली जाहीर झालेला 'फिल्ममेकर मोड' तुमच्या टीव्हीत असेल तर तोच लावा. हालचाल गुळगुळीत करणं, धार वाढवणं आणि फितीचा दाणा पुसणं अशा तिन्ही गोष्टी त्यात एकदम बंद होतात.

मग धार, म्हणजे शार्पनेस. काही संचांत शून्य म्हणजे तटस्थ, काहींत मधला आकडा तटस्थ असतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. सबटायटल चालू असताना चित्र थांबवा आणि अक्षरांच्या कडा पाहा. अक्षराभोवती फिकट झालर दिसत असेल तर ती जाईपर्यंत आकडा खाली आणा. कृष्णधवल चित्रपटात हीच झालर माणसांच्या खांद्याभोवती आणि झाडांच्या फांद्यांभोवती असते. तिथे ती पटकन ओळखू येत नाही, फक्त चित्र 'कडक' वाटत राहतं.

आता चौकट. ओझू शेवटपर्यंत १.३७:१ (रुंदी : उंची) या जवळजवळ चौकोनी आकारातच काम करत राहिला, रंगीत चित्रपटांतही. कॅमेरा जमिनीलगत आणि सहसा स्थिर. वरची छताची कड, खालची चटई, दाराच्या चौकटीतली दुसरी चौकट, सगळं त्याने मोजून बसवलेलं असतं. टीव्हीवर 'झूम' लागलेलं असेल तर वर-खालून मिळून २३ टक्के चित्र कापलं जातं. ताणून रुंद केलं तर माणसं बुटकी दिसतात. दोन्हींत त्याच्या मांडणीचा तोल जातो, आणि ओझूत तोल गेला की उरतं ते बसून बोलणारी माणसं. मग झोप येणारच.

रिमोटवरचं 'पिक्चर साइज' मूळ आकारावर ठेवा. त्याशिवाय 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल पिक्सेल' असा एक पर्याय असतो, तो चालू करा. तो बंद असला तर टीव्ही चारही कडांनी थोडं चित्र खातो.

'काळे पट्टे येतात, टीव्ही वाया जातो' असं घरचे म्हणतील. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३.५ उंच असतो. १.३७चं चित्र त्यावर ७३ सेंटिमीटर रुंद पडतं, दोन्ही बाजूंना ११-११चे पट्टे. २.३५:१चा सिनेमास्कोप ४०.५ सेंटिमीटर उंच पडतो, वर-खाली साडेसहाचे पट्टे. इतकंच. हे पट्टे चुकवायला चित्र कापणं म्हणजे फ्रेमात बसावं म्हणून फोटोतल्या काकांना कातरण्यासारखं आहे.

अंतराचा प्रश्न मुंबईत आपोआप सुटतो. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्हीपासून सहा फुटांवर बसलात तर पडदा नजरेचा ३० अंशांचा कोन व्यापतो. चित्रपटासाठी तो चांगला. भिंतीला टेकवलेला सोफा त्या वेळेपुरता पुढे ओढा. टीव्ही फार उंच टांगलेला असेल तर सबटायटल वाचताना मान दुखते, तेव्हा पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ हवा. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचा उजेड पडद्यावर पडत असेल तर कृष्णधवल चित्रपट दुपारी लावूच नका, त्यातले गडद राखाडी थर सगळ्यात आधी मरतात. पूर्ण अंधार नको असेल तर टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनचा मंद पांढरा दिवा ठेवा. पिवळा दिवा ठेवला की कृष्णधवल चित्र निळसर भासतं.

आवृत्त्यांबद्दल सवडीने लिहितो. सबटायटल्सवर इथले जाणकार लिहितीलच.

अर्धविराम :
सबटायटल पुढे-मागे होण्याची तीन कारणं आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळे. लोक तिन्हींवर एकच बटण दाबत बसतात.

आधी तीन ठिकाणी फरक मोजा : पाचव्या मिनिटाला, मध्यावर आणि शेवटच्या दहा मिनिटांत.

तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर फाइल नुसती सरकलीय. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये 'जी' दाबलं की सबटायटल आधी येतं, 'एच' दाबलं की उशिरा. एका दाबात ५० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदासाठी वीस वेळा. फरक मोठा असेल तर मेन्यूतून थेट आकडा भरा.

फरक वाढत जात असेल तर फ्रेम-वेग जुळत नाही. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी २४ फ्रेमचा चित्रपट सरळ २५ने पळवत, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६त संपे. अशा प्रतीवरून केलेली सबटायटल्स सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या ब्लू-रेवर लावलीत तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटं पुढे पळतात. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये 'सिंक्रोनायझेशन' खाली 'चेंज फ्रेम रेट' आहे. तिथे २५ वरून २३.९७६ करा, म्हणजे प्रत्येक वेळेला १.०४२७ने गुणलं जातं. उलट प्रकार असेल तर आकडे उलटे भरा. तासाला साडेतीन सेकंदांचाच फरक पडत असेल तर २४ आणि २३.९७६ची गल्लत आहे.

वेग कुठला ते कळत नसेल तर 'पॉइंट सिंक' वापरा. सुरुवातीचा एक स्पष्ट संवाद आणि शेवटाकडचा एक, दोन्हींची खरी वेळ भरली की मधलं सगळं प्रमाणात बसतं. हाक, फोनची घंटा, दार ठोठावल्यावरचं 'कोण?' अशा जागा निवडा. लांबलचक वाक्याची सुरुवात कानाला नेमकी पकडता येत नाही.

तिसरा प्रकार : सगळं व्यवस्थित चालू असताना एका ठिकाणी फरक अचानक उडी मारतो. म्हणजे सबटायटल वेगळ्या संकलनाचं आहे, कुठेतरी प्रसंग कापलाय किंवा वाढलाय. त्या ओळीपासून पुढच्या सगळ्या ओळी निवडून सरकवाव्या लागतात. दोनहून जास्त उड्या असतील तर ती फाइल सोडा आणि आपल्या आवृत्तीच्या लांबीशी जुळणारी शोधा. 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा आहे, पण परदेशासाठी त्यातून सुमारे पाऊण तास कापलेल्या प्रतीही फिरल्या. एकाची सबटायटल्स दुसऱ्याला कधीच बसणार नाहीत.

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा खोके दिसले तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवा. देवनागरी सबटायटलमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील तर दोष सहसा टीव्हीच्या आत बसवलेल्या प्लेअरचा असतो. तीच फाइल लॅपटॉपवरून एचडीएमआयने दाखवली की जोडाक्षरं जुळतात.

गिरगावचा प्रेक्षक :
माहिती चांगली आहे, पण मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. १९५२ साली आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईतच झाला. तिथे 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन चित्रपट पाहून बिमल रॉय भारावले आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. तिथल्या प्रेक्षकांनी प्रोजेक्टरचा दिवा मोजला नव्हता. नंतरची कित्येक वर्षं फिल्म सोसायट्यांनी १६ मिलिमीटरच्या ओरखडलेल्या प्रती दाखवल्या, रीळ बदलताना दिवे लागायचे, खुर्च्या कुरकुरायच्या. तरी लोकांना चित्रपट कळले. पाहणाऱ्याची तयारी नसेल तर टीव्ही कितीही नीट लावा, ओझू संथच वाटणार.

फिरतं रीळ :
तयारी हवीच. पण त्या १६ मिलिमीटरच्या प्रती १.३७लाच दाखवल्या जात, २४नेच पळत, आणि अंधाऱ्या खोलीत शंभर माणसं गप्प बसून बघत. ओरखडे होते, चौकट शाबूत होती. आज प्रत लखलखीत असते आणि चौकट कापलेली. या दोनांत निवडायचं तर मी ओरखडे निवडेन.

गिरगावचा प्रेक्षक :
हे मान्य. एवढ्यावर वाद संपला.

केतकी_माहीम :
मूकपटांच्या वेगाबद्दल कोणी नीट सांगेल का? मला चित्र सारखं पळताना दिसतं, आणि वेग कमी केला की संगीत रडतं.

पांढरा पडदा :
संगीत रडतं कारण ते त्या डिस्कच्या वेगावर बसवून मुद्रित केलेलं असतं. मूकपटाचा वेग घरी बदलायचा असेल तर आवाज बंद करून बदला, नाहीतर योग्य वेगाने तयार केलेली आवृत्तीच शोधा.

वेगाचं मूळ असं. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या ज्या फिती दाखवल्या गेल्या, त्या सेकंदाला साधारण १६ फ्रेमच्या. कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे १६, १८, २०, २२ असे सगळे वेग पुढच्या तीस वर्षांत सापडतात, कधी एकाच चित्रपटात दोन. आवाज आल्यावर हे चालेना, कारण वेग हलला की स्वर हलतो. म्हणून २४ पक्के झाले. १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला तेव्हा मशीनला ठरलेल्या वेगानेच पळावं लागत होतं. पुढे टीव्हीवाल्यांनी १८च्या फिती २४-२५ने पळवल्या आणि 'जुनी माणसं तुरुतुरु चालायची' हा समज घराघरांत पोचला.

तुमची प्रत पळवलेली आहे का, हे लांबीवरून कळतं. १८ फ्रेमने ९० मिनिटं चालणारा चित्रपट २४ने साडेसदुसष्ट मिनिटांत संपतो. ३५ मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ २४ने ११ मिनिटं चालतं, १८ने पावणेपंधरा. पुनर्संचयित आवृत्तीची नोंदलेली लांबी आणि तुमची लांबी यांचं गुणोत्तर काढा, वेग लगेच कळेल. ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) २४ने सुमारे ८१ मिनिटं चालतो आणि २०ने सुमारे ९७, दोन्ही वेगांच्या आवृत्त्या अधिकृतपणे निघालेल्या आहेत. माझी पसंती २०ला. त्यातलं सगळं नाट्य चेहऱ्यावर आहे, आणि डोळ्यांत पाणी भरायला जितका वेळ लागतो तितका तो मिळायला हवा.

पण एकच 'खरा' वेग असतो असं समजू नका. विनोदी मूकपटांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवलेला असे, म्हणजे पडद्यावर धावपळ जास्त वेगात दिसावी. विनोदवीर बस्टर कीटनच्या पाठलागाला माणसाच्या सहज चालीच्या वेगावर आणलंत तर विनोद मरतो. म्हणून चालण्यापेक्षा धूर, पाणी आणि पडता कपडा बघा. हे नैसर्गिक दिसले की वेग जवळपास बरोबर असतो.

अजून एक चूक फार होते : रंगछटा नसलेली प्रत. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसा उजेडात चित्रित करून फीत निळ्या रंगात बुडवत. घरातले प्रसंग पिवळसर, आग तांबडी. मुर्नावच्या 'नोस्फेरातू'मध्ये (१९२२) हा निळा काढून टाकला की रक्तपिपासू काउंट भर उन्हात फिरताना दिसतो, आणि उजेडाने मरणाऱ्या माणसाची गोष्ट हास्यास्पद होते. निळी-पिवळी प्रत म्हणजे 'नंतर रंगवलेली' असं समजून लोक टाळतात. या चित्रपटापुरतं तरी तीच मुळाच्या जवळची आहे.

गिरगावचा प्रेक्षक :
'द गोल्ड रश'च्याही दोन आवृत्त्या आहेत ना?

पांढरा पडदा :
हो. १९२५ची मूक, आणि १९४२ला चॅप्लिनने स्वतः संवादांच्या पाट्या काढून, स्वतःच्या आवाजात निवेदन घालून, कापून आणलेली सुमारे ७२ मिनिटांची. पहिल्यांदा पाहणाऱ्याने १९२५चीच पाहावी. १९४२च्या आवृत्तीत प्रत्येक विनोद घडायच्या आत निवेदन तो सांगून टाकतं. 'सिटी लाइट्स' (१९३१) आणि 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) यांच्याबाबत ही अडचण नाही, त्यांचं संगीत फितीवरच आहे, वेग ठरलेला आहे.

'मेट्रोपोलिस'साठीसुद्धा वर्ष पाहा. १९२७ला बर्लिनमध्ये दाखवल्यानंतर तो लगेच कापला गेला आणि कापलेले भाग हरवले. २००८ला ब्युनोस आयर्समध्ये १६ मिलिमीटरची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, आणि ती जोडून २०१०ला नवी आवृत्ती आली. त्यात मधूनच चित्र ओरखड्यांनी भरतं आणि कडा कापलेल्या दिसतात. ते सापडलेले तुकडे. टीव्हीचा किंवा डिस्कचा दोष नाही, सेटिंग बदलू नका.

ध्वनिरेषा :
आवाजावर कोणीच बोललं नाही, म्हणून.

१. जुन्या चित्रपटाच्या डिस्कवर दोन ध्वनिपट्ट्या असतील, एक मोनो आणि एक ५.१ म्हणजे सहा स्पीकरांची, तर मोनो निवडा. मूळ मिश्रण एकाच स्पीकरसाठी केलेलं असतं. नंतर पसरवलेल्या पट्टीत पावलं आणि दारं नव्याने घातलेली असू शकतात. व्हीएलसीत 'बी' दाबलं की पट्ट्या बदलतात.

२. पाल-वेगाच्या प्रतीत स्वर चढतो. पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेने जवळजवळ पाऊण वाट सरकतं. ज्यांचा कान तयार आहे त्यांना चित्रपटभर अस्वस्थ वाटतं आणि कारण सापडत नाही. वेग ०.९६ पट करा, आणि त्याचबरोबर व्हीएलसीच्या ऑडिओ पसंतींमधलं 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो पण स्वर चढलेलाच राहतो.

३. इटालियन चित्रपटांत ओठ आणि शब्द जुळत नाहीत, म्हणून ध्वनी मागेपुढे करत बसू नका. तिथे अनेक दशकं संवाद नंतर स्टुडिओत भरत. वेगवेगळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलत आणि वर इटालियन आवाज चढे. खात्री करायची असेल तर टाळी, पेला ठेवणं, दार आपटणं बघा. ते जुळत असेल तर ध्वनी जागेवर आहे.

४. रात्री उशिरा, भिंतीला भिंत असलेल्या घरात, 'नाइट मोड' वापरण्यात गैर नाही. कुजबुज वर येते, गोळीबार खाली जातो. पण ज्या चित्रपटात शांतताच सगळं सांगते, तिथे तो बंद ठेवून एकूण आवाज कमी करा किंवा हेडफोन लावा. नाहीतर शांत प्रसंगात फितीची सरसर वर येते. पंखा पाचवर असेल तर तो तीनवर आणा. पाचवरच्या पंख्याच्या घरघरीत शांततेचा प्रसंग ऐकूच येत नाही.

नवखी_प्रेक्षक :
मालिकांबद्दलही लिहा ना. 'फॅनी अँड अलेक्झांडर' चित्रपट पाहावा की मालिका? 'डेकालॉग' क्रमानेच पाहायचं का?

पांढरा पडदा :
'फॅनी अँड अलेक्झांडर'ची (१९८२) टीव्ही आवृत्ती ३१२ मिनिटांची, चित्रपटगृहातली १८८ची. दिग्दर्शक बर्गमनला लांब आवृत्तीच महत्त्वाची वाटत होती आणि माझंही मत तेच. छोट्या आवृत्तीत गोष्ट कळते, पण घर अंगवळणी पडत नाही, आणि घर अंगवळणी पडल्याशिवाय ते सुटल्याचं दुःख होत नाही. 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' (१९७३) मूळची सहा भागांची मालिका, चित्रपट नंतर त्यातून कापला. तिथे भागांमधला एक दिवसाचा खंड पाळाच. लग्न मोडायला वेळ लागतो, तो बघणाऱ्यालाही लागला पाहिजे.

'डेकालॉग' (१९८८-८९) पोलिश टीव्हीसाठी किस्लोव्हस्कीने केलेले दहा तासाभराचे भाग. गोष्टी स्वतंत्र आहेत, वसाहत एकच. त्यामुळे क्रमाची सक्ती नाही. पाचवा आणि सहावा भाग लांबवून त्याने दोन स्वतंत्र चित्रपट केले, 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' आणि 'अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह'. एकाच आठवड्यात भाग आणि चित्रपट दोन्ही पाहू नका, दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. रात्री एकच भाग. एका बैठकीत चार पाहिलेत तर दुसऱ्या दिवशी कुठल्या घरात काय झालं ते सांगता येणार नाही.

पाचव्या भागात चित्र हिरवट-पिवळं आणि कडांना काळवंडलेलं दिसेल. छायालेखक इद्झियाकने भिंगासमोर हिरवे फिल्टर लावून ते मुद्दाम तसं केलंय. टीव्हीचं 'रंग सुधारणा', 'ऑटो कॉन्ट्रास्ट' किंवा 'गतिमान काळा' यातलं काही चालू असेल तर संच तो काळोख उजळवायला जातो. आधी ते बंद करा.

आता ब्रिटिश मालिका. साठ-सत्तरच्या दशकांत घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर, सेकंदाला ५० फील्डने (फील्ड म्हणजे एकाआड एक रेघांचं अर्धं चित्र) मुद्रित होत, आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फितीवर २५ फ्रेमने. म्हणून माणूस दार उघडून रस्त्यावर आला की चित्राचा पोतच बदलतो. हा मूळचा बदल आहे, सेटिंगचा नाही. टेपवरच्या भागात हलत्या हातांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएलसीत 'डी-इंटरलेस' चालू करून 'याडिफ २एक्स' निवडा. साधं 'याडिफ' निवडलं तर ५० फील्डच्या २५ फ्रेम होतात आणि हालचालीचा मऊपणा जातो. आपल्या दूरदर्शनच्या जुन्या टेपनाही हाच उपाय.

जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारातली मूळ मालिका '१६:९मध्ये नव्याने' आली असेल तर कडा तपासा. फितीवरून नव्याने काढलेल्या रुंद चित्रात बाजूला कधी कधी दिव्याचा स्टँड, कधी तंत्रज्ञ दिसतो, आणि वर-खालून कापलं तर विनोदाची वस्तूच चौकटीबाहेर जाते. ४:३ उपलब्ध असेल तर तीच घ्या.

केतकी_माहीम :
सबटायटल चांगली की डबिंग, या वादात मी सबटायटलच्या बाजूने आहे, पण आमच्या घरी आईला इंग्रजी सबटायटल झेपत नाहीत. मराठी करायची तर कुठून सुरुवात करायची?

अर्धविराम :
डबिंगवर आधी एक वाक्य. रन्वारच्या 'ग्रँड इल्युजन'मध्ये (१९३७) फ्रेंच आणि जर्मन उमराव अधिकारी एकमेकांशी मधूनच इंग्रजीत बोलतात, कारण त्यांचा वर्ग एक आहे आणि शेजारच्या शिपायाला ते कळू नये. सगळं एका भाषेत डब केलं की हा चित्रपटाचा गाभाच नाहीसा होतो. म्हणून सबटायटलच.

आता मराठी. सबटायटल एडिटमध्ये इंग्रजी फाइल उघडून तिच्याच वेळांवर ओळ बदलत जा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत सहा-सात शब्द. एक सबटायटल किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. दोन सबटायटलमध्ये दोन फ्रेमची मोकळी जागा ठेवा, नाहीतर मजकूर बदलला हे डोळ्याला कळत नाही. चित्र बदलतं तिथेच सबटायटल संपवा, पुढच्या दृश्यात ओघळू देऊ नका. ओळ तोडताना विशेषण आणि नाम वेगळं करू नका, क्रियापद एकटं खाली टाकू नका.

आणि एक गोष्ट इंग्रजीपेक्षा मराठीत चांगली होते. फ्रेंचमधलं 'तू' आणि 'व्हू' इंग्रजीत एकाच 'यू'त बुडतं. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' तयार आहेत. दोन माणसं 'व्हू'वरून 'तू'वर कुठल्या प्रसंगात आली हे कान देऊन ऐका आणि नेमकं तिथेच मराठीत बदला. त्या एका शब्दासाठी लेखकाने अर्धा चित्रपट वाट पाहिलेली असते. जपानीत नावामागे लागणारं 'सान', 'सामा', 'चान' ऐकून 'राव', 'साहेब' किंवा नुसतं नाव ठरवा. सासरा सुनेशी बोलतोय की मुलीशी, हे आपल्या 'अगं', 'सूनबाई', 'बाळा' यांतून कळतं. 'टोकियो स्टोरी'त (१९५३) विधवा सून नोरिको जेव्हा सासऱ्याशी बोलते, तिथे 'तुम्ही' आणि 'बाबा' लिहिलं की इंग्रजी सबटायटलने उभं केलेलं अंतर निघून जातं. आईंना हा चित्रपट आधी दाखवा. घर, पाहुणे, मुलांना नसलेला वेळ : परकं काही वाटणार नाही.

शिव्यांचं भाषांतर शब्दशः करू नका, जोर तेवढाच ठेवा. गाण्याच्या ओळी तिरप्या अक्षरांत, यमक जुळवायचा हट्ट सोडून.

फिरतं रीळ :
हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. डिस्क घेणाऱ्यांसाठी थोडं. ब्लू-रेचे तीन विभाग : अमेरिका आणि जपान 'ए', युरोप आणि ऑस्ट्रेलिया 'बी', भारत 'सी'. डीव्हीडीत अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. परदेशातून मागवलेली 'ए' किंवा 'बी' डिस्क आपल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, घेण्याआधी पाठीमागचं चिन्ह बघा किंवा सर्व विभागांचा प्लेअर घ्या. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभाग नसतो, पण सोबतच्या ब्लू-रेला असू शकतो.

पावसाळ्यात आपल्या दमट हवेत पुस्तिकांना आणि आवरणाला बुरशी धरते. डिस्क उभ्या ठेवा, भिंतीला लागून नको. डब्यात सिलिका जेल टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला. १२० अंशांवर ओव्हनमध्ये दीड-दोन तास तापवले की पुन्हा निळे होतात, मात्र तो ट्रे स्वयंपाकाला वापरू नका. डिस्क पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो वाचनाच्या वाटेवरच पडतो. घरी बर्न केलेल्या डिस्क उन्हाच्या कपाटात ठेवू नका, त्यांचा रंगथर उष्णतेने आणि उजेडाने आधी जातो. त्यांच्या प्रती आजच हार्ड डिस्कवर घ्या.

गिरगावचा प्रेक्षक :
आणि पडद्यावर बघायची संधी आली तर हे सगळं सोडून तिकडे जा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८पासून आहे, त्यांचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक वाचण्यासारखं असतं. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, न्यू मरीन लाइन्सला अलियान्स फ्रान्सेज, पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय. फिल्म हेरिटेज फाउंडेशनही मुंबईचीच, त्यांनी पुनर्संचयित केलेला 'मंथन' (१९७६) २०२४ला कान महोत्सवात दाखवला गेला. दाखवणाऱ्यांना आधी दोन गोष्टी विचारा : आवृत्तीची लांबी किती आणि सबटायटल कोणत्या भाषेत. सबटायटल वाचायचं असेल तर मधल्या रांगेच्या किंचित मागे बसा, पुढच्या डोक्यांआड खालची ओळ जात नाही.

नवखी_प्रेक्षक :
शेवटचं एक. फिल्ममेकर मोड लावला, हालचाल बंद केली, तरी कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं.

पांढरा पडदा :
थोडं अडखळणं २४ फ्रेममध्ये असतंच. पण ठेक्यात, एक लांब-एक आखूड असं अडखळत असेल तर तुमचा प्लेअर ६० हर्ट्झने चित्र पाठवतोय. २४ फ्रेम ६०त बसवायला एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते. स्टिक किंवा बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'फ्रेम रेट जुळवा' असा पर्याय असतो, तो चालू करा. लॅपटॉप जोडला असेल तर डिस्प्लेचा रिफ्रेश रेट २३.९७६ किंवा २४ हर्ट्झवर आणा. पर्याय दिसत नसेल तर एचडीएमआयचं दुसरं पोर्ट लावून बघा. चित्रपट सुरू करताना पडदा सेकंदभर काळा झाला की समजा जुळलं.

नवखी_प्रेक्षक :
काळा झाला. आता अडखळत नाही. 'टोकियो स्टोरी' लावतेय.